थेरेसाचे टोमॅटो

भुईगावच्या प्लासिडची बायको थेरेसा दिवाळीनंतर आठवड्याभरात गेली. यंदा पाऊस लांबला, म्हणून तिने टोमॅटोची आणि ढोबळी मिरचीची रोपं उशिरा लावली होती. टोमॅटोचं बी घरचंच, तिच्या आईकडून आलेलं. डिसेंबरात फळं धरली, पण हिरवीच राहिली. नाताळ झाला, थंडी वाढली आणि मिरचीच्या दोन झाडांनी मान टाकली.

प्लासिडने जन्मभर केळी केली, भाजी थेरेसाची. त्याला काही सुचेना, तेव्हा तो निर्मळला विमलाकडे गेला. विमला आणि थेरेसा तीस वर्षं बाजारात शेजारी बसून भाजी विकत. विमलाने येऊन झाडं पाहिली. संध्याकाळी झाकायची, ऊन आलं की उघडायची, असं तिने सांगितलं, आणि नवी फुलं सगळी खुडायला लावली. पहिल्याच फुलाशी प्लासिडचा हात अडखळला.

"ती आता धरायची नाहीत, भाऊ," विमला म्हणाली. "धरलेली तेवढी पिकू दे."

त्याच संध्याकाळी त्याची मुलगी ग्रेसी विरारहून आली. बाप वाडीत बांबू रोवून त्यांवर आईची तांबडी लुगडी पसरत होता. ती कुणाला देऊ नका, मी नेईन, असं ग्रेसीने अंत्यविधीच्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. तिचा आवाज चढला. घरात प्लास्टिक पडलंय, गोणपाट पडलंय, मग हीच का, असं तिने विचारलं.

"प्लास्टिकला आतून पाणी सुटतं, पानं सडतात," प्लासिड म्हणाला. मग हातातल्या लुगड्याकडे बघत हळूच म्हणाला, "कपाटात असली की मी रोज उघडून बघत बसतो, ग्रेसी. इथे निदान काहीतरी करतो."

ग्रेसीने लुगड्याचं दुसरं टोक धरलं आणि वाऱ्याने उडू नये म्हणून काठावर दगड ठेवला.

त्यानंतर ती दर शनिवारी येऊ लागली. जानेवारीत आणखी तीन झाडं गेली. ज्या टोमॅटोंचं बूड फिकट गुलाबी झालं होतं, ते विमलाने काढायला सांगितले. ग्रेसीने ते पिकल्या केळ्यांसोबत टोपलीत कागदाखाली ठेवले. पाच-सहा दिवसांत लाल झाले. लाली धरलेल्या मिरच्याही स्वयंपाकघरात रंगल्या. अगदी कच्च्या टोमॅटोंची तिने चटणी केली. लुगड्यांवर झाडांचे हिरवे डाग पडले, ते धुऊनही निघाले नाहीत. ग्रेसीने ती तशीच पुन्हा बांबूंवर पसरली.

सात टोमॅटो तेवढे बियांसाठी झाडावरच ठेवले होते. ते पुरते पिकायला फेब्रुवारी उजाडला. विमलाने बी काढून, धुऊन कागदावर पसरून दिलं. ते सुकेपर्यंत, मुंग्या लागू नयेत म्हणून, प्लासिड दोन दिवस ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता.