छापील आकडा

तात्यांनी सदतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्यानं लिहिलेलं आणि तिसऱ्यानं जुळवलेलं वाचायचं, त्यातल्या चुका लाल पेन्सिलीनं धरायच्या, हे त्यांचं काम. डोळ्यांत तेल घालून केलं त्यांनी ते. ऱ्हस्व-दीर्घ सोडाच, उलटा पडलेला स्वल्पविरामसुद्धा त्यांच्या तावडीतून सुटत नसे. निवृत्त झाल्यावर माणूस घरी येतो, तशी त्याची खोडही घरी येते. औषधाच्या खोक्यावरचा मजकूर, वीजबिलामागच्या सूचना, सगळीकडे लाल खुणा दिसू लागल्या. शेवटी माईंनी नवऱ्याला बजावलं, की हातांना दुसरं काहीतरी काम लावा, नाहीतर ती पेन्सिल मी एक दिवस कचऱ्यात टाकीन.

म्हणून तात्यांनी घरामागची सायकली ठेवायची खोली रिकामी केली. धातू फिरवून कातायचा एक जुना छोटा लेथ आणला, वस्तू पकडून ठेवायला टेबलाला व्हाइस ठोकला, भिंतीवर कानशी ओळीनं टांगल्या. वर्षभरात ते पितळेच्या मुठी आणि झाकणं बऱ्यापैकी करू लागले. मापं घ्यायला त्यांनी पडद्यावर आकडे दिसणारा एक कॅलिपर घेतला होता. चकचकीत, हलका, प्लॅस्टिकच्या डबीतला. दोन जबड्यांत वस्तू धरायची, की पडद्यावर दोन दशांशांपर्यंत आकडा हजर. तो आकडा तात्यांना फार आवडे. कसा सुबक, छापल्यासारखा.

घरात त्यांची सून होती. दातेरी चाकं बनवणाऱ्या कारखान्यात तपासणी विभागात ती नऊ वर्षं काम करत होती. तयार होऊन आलेलं चाक मापात आहे की नाही ते बघायचं आणि नसलं तर परत पाठवायचं. सासरे-सुनेचं काम तसं एकाच जातीचं, पण दोघांमध्ये बोलणं बेताचंच. त्याला कारण घडलं होतं. लग्न होऊन ती नवीनच आलेली असताना एकदा सकाळी घाईत फ्रिजवर चिठ्ठी लावून गेली: ‘दुध आणायचे आहे. मी उशीरा येइन.’ तात्यांचा हात सवयीनं चालला. संध्याकाळी ती आली तेव्हा एवढ्याशा चिठ्ठीवर तीन लाल खुणा होत्या. त्यानंतर तिची चिठ्ठी फ्रिजवर कधी दिसली नाही. काही सांगायचं असलं तर ती सरळ माईंना फोन करी. तात्यांना ते कळत होतं, मनात कुठेतरी टोचतही होतं. पण दोन वर्षं उलटली तरी विषय काढायचा धीर त्यांना होत नव्हता.

एके दिवशी शेजारचा बेकरीवाला आपल्या पाव न्यायच्या गाडीचं चाक आसासकट काढून घेऊन आला. आसाभोवतीचं पितळी बुश, म्हणजे आतली नळी, झिजलं होतं आणि गाडी दारुड्यासारखी झोकांड्या खात चालली होती. तात्या म्हणाले, त्यात काय, उद्या घेऊन जा.

तो उद्या आठवडा झाला तरी उजाडेना. पहिलं बुश आसावर चढेचना. दुसरं चढलं ते इतकं सैल, की बोटातल्या ढगळ अंगठीसारखं फिरू लागलं. तिसरं करताना तात्यांनी प्रत्येक माप दोनदा घेतलं आणि ते चाकातून सरळ खाली पडलं. त्यांनी लेथला नावं ठेवली, मग पितळेला, मग चष्म्याला. माई दारातून म्हणाल्या, “आता अंगण तेवढं वाकडं म्हणायचं राहिलंय.”

सुटीच्या दिवशी सून चहा घेऊन त्या खोलीत आली. टेबलावर तीन बुशं मांडलेली होती. तिनं तिन्ही बोटांत फिरवून पाहिली आणि मापं कशानं घेता म्हणून विचारलं. तात्यांनी कॅलिपर पुढे केला. तिनं त्याचे जबडे पूर्ण मिटवले आणि खिडकीच्या उजेडासमोर धरले. मिटलेल्या जबड्यांमधून उजेडाची एक बारीक रेघ आरपार दिसत होती. मुळाशी फट नव्हती, टोकाकडे होती.

“बाबा, हा एक दिवस माझ्याबरोबर नेऊ का?” तिनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं कॅलिपर परत आणला आणि सोबत घडी घातलेला एक कागद. बारा मिलिमीटरचा पक्क्या मापाचा पोलादी ठोकळा घेऊन तिनं दहा वेळा मोजला होता. दहा वेळा आठ निरनिराळे आकडे आले होते. जरा दाबून धरलं की कमी, हलकं धरलं की जास्त. खाली लिहिलं होतं: ‘जबडे झीजले आहेत. सरकणारा भाग ढिला आहे. विश्वास ठेऊ नये.’

तात्यांची नजर आधी कुठे गेली असेल ते सांगायला नको. ‘झीजले’ आणि ‘ठेऊ’. बोटं आपोआप खिशातल्या पेन्सिलीकडे गेली, तिथे थोडा वेळ थांबली आणि रिकामी परत आली. मग त्यांनी आकड्यांचा रकाना वाचला. एकदा, दोनदा, अगदी मुद्रित तपासावं तसा. पितळ उघडं पडलं होतं ते लेथचं नव्हे, या डबीतल्या चकचकीत साहेबांचं.

“पण आकडा इतका स्वच्छ दिसतो,” ते पुटपुटले.

“बाबा, छापलंय म्हणजे खरं, असं तुम्ही आजवर कधी मानलंत का?” ती म्हणाली.

तात्या हसले, आणि येत्या सुटीला दोघांनी हत्यारांच्या दुकानात जायचं ठरलं.

दुकान चालत वीस मिनिटांवर होतं. अर्ध्या रस्त्यावरच्या एका चौकात सिग्नलसाठी थांबल्यावर तात्यांनी समोरच्या दिव्याकडे बघतच सांगून टाकलं.

“ती दुधाची चिठ्ठी. माझं चुकलं तेव्हा.”

तिला क्षणभर कळेना. मग कळलं. “वाईट वाटलं होतं खरं,” ती म्हणाली. “घरात पाऊल टाकलं नाही तोच नापास झाले, असं वाटलं. पण दूध तेव्हापासून मी बरोबर लिहिते.”

दिवा बदलला आणि दोघं रस्ता ओलांडून गेले. उरलेली दहा मिनिटं ती आपल्या कारखान्यातले किस्से सांगत होती. कोणता कारागीर चाक परत आलं की भांडायला येतो, कोण गुपचूप दुरुस्त करतो. तात्यांना छापखान्यातले खिळे जुळवणारे आपले जुने जुळारी आठवले. जात तीच होती.

दुकानदारानं आधी सर्वांत मोठी, मखमली अस्तराची पेटी उघडली. सुनेनं ती नम्रपणे बाजूला सारली आणि पाच-सहा साधे कॅलिपर काउंटरवर मांडून घेतले. मग एक कोरं बेअरिंग मागितलं. त्याचं बाहेरचं माप बत्तीस मिलिमीटर, ते कारखान्यातूनच काटेकोर येतं, असं तिनं तात्यांना सांगितलं. आता प्रत्येक कॅलिपरनं हे मोजा. आधी जबडे मिटून उजेडात बघा. सरकणारा भाग टोकापर्यंत नेऊन आणा, कुठे अडकतो का, डुगडुगतो का ते बघा. स्क्रू आवळल्यावर माप हलतं का बघा. आणि प्रत्येक कॅलिपरनं पाच-पाच वेळा मोजा.

दुकानदार कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणून बघत राहिला. अर्धा तास गेला. एक कॅलिपर मध्येच घासत होता, तो बाद. एकाचं माप स्क्रू आवळला की सरकत होतं, तोही बाद. आकडे दाखवणारा एक चांगल्या प्रतीचा होता. पाचही वेळा त्यानं एकच आकडा दिला. तसलाच मी कामावर वापरते, ती म्हणाली, घ्यायला हरकत नाही. पण तात्यांचा हात रेघांच्या व्हर्नियरवर होता. त्याला ना पडदा, ना बॅटरी. मोठ्या पट्टीवर एक छोटी पट्टी सरकते आणि दोन्हींवरच्या कोणत्या रेघा एकमेकींसमोर येतात ते आपणच बघायचं.

“आजोबा, ह्या वयात रेघा कशाला वाचता?” दुकानदार म्हणाला. “डोळ्यांना त्रास.”

“डोळ्यांवरच तर पोट भरलं आजवर,” तात्या म्हणाले आणि खिशातून भिंग काढलं.

तसले दोन होते. दिसायला जुळे. तात्यांनी दोन्ही मिटवले, भिंग लावलं आणि बराच वेळ बघत राहिले. मग उजवीकडचा पुढे सरकवला.

“ह्याचं शून्य शून्यावर बसत नाही. केसभर पुढे आहे.”

सुनेनं बघितलं. तिला आधी दिसेना. भिंगातून दिसलं. दुकानदारानंही बघितलं आणि तो कॅलिपर वेगळ्या खणात टाकला. सुनेनं सासऱ्यांकडे असं पाहिलं, जसं कारखान्यात एखाद्या मुरलेल्या कारागिराकडे बघत असेल. तात्यांनी भिंग पुसायचं निमित्त करून मान खाली घातली, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्याच.

डावीकडचा व्हर्नियर घेऊन दोघं घरी आले. चहाही न घेता तात्या खोलीत शिरले. चौथं बुश दुपारी तयार झालं. आसावर ते अंगठ्याच्या दाबानं चढलं आणि जागच्या जागी गुळगुळीत फिरू लागलं. बेकरीवाल्यानं गाडी आणून चाक बसवलं आणि दोनदा अंगणात फिरवून ती घेऊन गेला.

सून मात्र तिथेच घुटमळत होती. फसलेल्यांतलं एक बुश हातात घेऊन तिनं सांगितलं की नऊ वर्षांत हजारो चाकं मोजली, पण स्वतःच्या हातानं एकही वस्तू कधी केली नाही. लेथला हात लावायची वेळच आली नाही. तिनं मागितलं काहीच नव्हतं. तात्यांनी आपला ॲप्रन काढून तिच्या हातात दिला आणि पितळेचा एक तुकडा यंत्रात बसवला.

पहिल्यांदा तिनं हत्यार फार जोरात लावलं आणि ते किंचाळलं. तात्या म्हणाले, हळू, पितळ ऐकतं, फक्त ओरडायचं नाही. दुसऱ्यांदा सोनेरी भुगा नीट पडू लागला. माई दारात येऊन उभ्या राहिल्या, थोडा वेळ बघितलं आणि जेवायला उशीर झाला तरी चालेल म्हणून गेल्या.

संध्याकाळपर्यंत तिनं स्वयंपाकघरातल्या खणासाठी एक छोटी मूठ केली. तात्यांनी ती व्हर्नियरमध्ये धरली आणि भिंगातून वाचली. पंधरा मिलिमीटर हवं होतं, चौदा पूर्णांक सत्तर भरलं.

“कारखान्यात परत पाठवली असती ना?” त्यांनी विचारलं.

“लगेच,” ती म्हणाली.

माईंनी दोघांच्याही हातातून ती मूठ काढून घेतली आणि खणाला बसवून टाकली.