रापणीचा वाटा

रियाने टोप पुढे केला. ठिगळांचे लुगडे, विस्कटलेले केस, दोन्ही हातांत पोचे पडलेला जर्मनचा टोप. समोरच्या माणसाने जाळ्यातून ओंजळभर पेडवे उचलले, तिच्याकडे न बघताच टोपात टाकले आणि त्यातला एक मुद्दाम रेतीत पडू दिला. तो उचलायला रिया वाकली. वाकताना तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळले.

"कट," सुशांत म्हणाला. "छान झालं."

सुरूच्या झाडांच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेली शेवंती उठली आणि रेती तुडवत त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"ती कोण?" तिने रियाकडे बोट करून विचारले.

"मावशी, ती तुम्ही."

"ती मी नाय."

सुशांत हसला. त्याला वाटले, म्हातारीला पडद्यावरचे आपले रूप आवडले नसेल. सिनेमा तिच्या लेकीवर होता. मालवणजवळच्या ह्या वाडीतल्या रापणकराची, म्हणजे किनाऱ्यावरून दोराने जाळे ओढणाऱ्याची, पोर अक्षया, बाप लहानपणी गेलेला, घरात चुलीला कधी लाकूड असे तर तांदूळ नसे, आणि आज ती मालवाहू जहाजावर कप्तान होती. तिची मुलाखत वाचून सुशांत मुंबईहून आला होता. घडलेली गोष्ट, घडली त्याच वाळूवर, असे तो सगळ्यांना सांगत असे.

"माज्या टोपात असो मासो कोणी टाकूक नाय," शेवंती म्हणाली. "आणि मी कोणाकडे भीक मागूक नाय. ह्या काडून टाक."

सुशांतचे हसू मावळले. तो वाईट माणूस नव्हता. त्याने तिला खुर्चीपर्यंत नेले आणि स्वतः रेतीत बसला.

"मावशी, हे मी मनाने लिहिलेलं नाही. अक्षयाताईंनीच सांगितलं. शाळेतून येताना त्यांनी तुम्हाला किनाऱ्यावर बघितलं, टोप पुढे केलेला, आणि माणसं त्यात मासे टाकतायत. त्या दिवशी त्यांनी ठरवलं, आईचा हात पुन्हा पसरू द्यायचा नाही. सगळा सिनेमा ह्या एका प्रसंगावर उभा आहे. उद्या सकाळी हेच जवळून घ्यायचं आणि इथलं काम संपलं."

शेवंतीने मान वळवली. पाण्याच्या कडेला अक्षया रियाशी बोलत होती. आईची नजर पडताच ती बोलायची थांबली, आणि मग उगाच समुद्राकडे बघू लागली.

संध्याकाळी शेवंती मागीलदारी बांगडे साफ करत बसली. अक्षया पायरीवर येऊन टेकली.

"ह्या तू त्यांका सांगलंस?" शेवंतीने वर न बघता विचारले.

"जा बगलंय ता सांगलंय."

"काय बगलंस?"

"आये, मी आंधळी नाय होतंय. दुपारची शाळा सुटली की मी दर्याकडच्या वळणार येय. तू टोप घेवन रांगेत उबी. दाजीकाका मासळी टाकीत. माका लाज वाटा. मी माडापाठी लपान रवय, आणि तू घराकडे गेलंस की मगे येय." अक्षयाने गुडघे जवळ ओढले. "माका तुजी लाज नाय वाटाक. आपल्या दशेची वाटा."

शेवंतीने विळी आडवी केली. हात धुतले. मग ते पदराला न पुसता तसेच मांडीवर ठेवले.

"तू रांग बगलंस. रांगेच्या आदी काय होता, ता नाय बगलंस."

"काय होता?"

"रापण होती."

आणि मग शेवंतीने सांगितले. नळाला पाणी यावे तसे नाही, विहिरीतून कळशी यावी तसे, थांबून थांबून, दोर खेचत.

तिचा नवरा महादू काविळीने गेला तेव्हा रापणीच्या लोकांनी रिवाज पाळला. गेलेल्या माणसाचा वाटा हंगामभर त्याच्या घरी पोचवायचा. मासळी कमी मिळो, जास्त मिळो, एक वाटा शेवंतीच्या ओटीवर येई. हंगाम सरला. दाजी, रापणीचा मुख्य माणूस, अंगणात येऊन उभा राहिला आणि पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला. त्याला काय सांगायचे आहे, ते तिला कळले. दोरावर माणूस नसेल त्या घराला पुढे वाटा नाही. हाही रिवाजच.

"मी तेंका म्हटलंय, माज्या घरातसून माणूस देतंय. ते म्हणाले, कोण, तुजो भाव? मी म्हटलंय, मी."

"बायल माणूस दोरार?" अक्षयाच्या तोंडून निघून गेले.

"दाजीकाका पण असाच म्हणालो."

बायकांनी मासळी निवडायची, पाटीतून बाजारात न्यायची. दोर पुरुषांचा. शेवंती दोराला लागली त्या सकाळी काही जण दोर सोडून बाजूला झाले, कोणी बिडी पेटवली. दाजीने तिला शेपटाला घातले, कोरड्या रेतीत, जिथे म्हातारे आणि पोरे असतात. वाटा अर्धा. शिमग्यापर्यंत ती पाण्यात पुढे सरकली होती. वाटा पुरा.

"मगे माका कित्याक नाय सांगलंस?"

"लोक काय काय बोलत. पुरुषांच्या घोळक्यात कमरेवर पाण्यात उबी रवता म्हणान. ता तुज्या कानार येव नये, म्हणान तुका आदी शाळेत धाडी आणि मगे दोरार जाय. चौथी झाली तशी तुका मामाकडे कुडाळाक पाठवलंय. मगे तू कदी विचारूक नाय, आणि माका वाटला, त्यात सांगण्यासारख्या काय आसा. काम ता काम."

अक्षया उठली, अंगणात गेली, परत आली.

"आये, तुका एक सांगू? वादळात जहाज असा आडवा होता ना, तेव्हा माज्या डोळ्यांसमोर तुजो तो हात येता. पसरलेलो. तो बगान मी उबी रवतंय. इतकी वर्सां. आणि आता तू सांगतंस, तो हात मागणारो नव्हतोच."

लेकीचे जहाज ज्या खडकाला बांधलेले होते तो खडकच आपण हलवतोय, एवढे शेवंतीला कळले. पण पडद्यावर कोण्या माणसाने मुद्दाम पाडलेला मासा तिला दिसत होता, आणि उद्या तो मालवणच्या, कुडाळच्या, मुंबईच्या लोकांना दिसणार होता. तिच्याबरोबर दोर ओढलेली सगळी माणसे त्या एका माशाने भिक्षा घालणारी ठरणार होती.

"उद्या सकाळी ये दर्यार," ती म्हणाली, आणि बांगडे झाकून दाजीच्या घराकडे निघाली.

दाजी ओटीवर बसून पाय चोळत होता. पंच्याहत्तरी उलटली तरी वाडी त्यालाच रापणीचा मुख्य माने, जरी रापण वर्षातून एकदोनदाच पडे. दूर दर्यात मोठ्या बोटी दिवे लावून मासळी उपसत. कडेला काय उरणार.

"काय गो शेवंती, सिनेमातली बाय माज्या दारात?"

"उद्या रापण घाला."

"खुळावलंस? सिनेमावाल्यांनी जाळा भाड्यान घेतलाहा, ता नुसता रेतीत पसरूक. गेल्या साली घातली तर कचरो इलो. चपला आणि बाटल्ये."

"कचरो येवंदे. दोर तरी ओलो होतलो."

दाजीने पाय चोळणे थांबवले. "आज बगलंय मी तो खेळ," तो हळू आवाजात म्हणाला. "माज्या नावान जो उबो केलेलो ना, तेणा मासो खाली टाकलो. मी तुका कदी मासो खाली टाकलेलो?"

"नाय."

"अर्धो वाटो दिलेलंय, ता खरा. ता अजून सलता माका."

"ता नको काडू आता. सकाळी होडी सोड."

सकाळी सुशांत किनाऱ्यावर आला तेव्हा कॅमेऱ्यासमोर कोणीच नव्हते. गर्दी म्हणून ठरवलेली वाडीची माणसे पाण्याकडे होती. होडी दर्यात मोठा वळसा घालून जाळे सोडत परत येत होती. किनाऱ्यावर दोराची दोन टोके, आणि प्रत्येक टोकाला माणसांची रांग. मुंबईहून सुटीला आलेले, रिक्षा चालवणारे, होमस्टे काढलेले, सगळे. उजव्या दोरावर, पाण्यात सगळ्यांत पुढे, काष्टा मारलेली शेवंती.

"मावशी, हे काय? ऊन वर आलं की मला सीन मिळणार नाही. सगळं युनिट उभं आहे."

"उबा रवान काय करतला? दोराक लाव," शेवंती म्हणाली. रांगेत हशा पिकला.

"मी गंमत करत नाहीये."

"मी पण नाय रे बाबा. तू तुजो सीन घे, नायतर नको घेव. पण माज्या नावान भीक दाखवलंस तर मी पुऱ्या गावासमोर सांगतलंय, ह्या खोटा आसा. आणि खरा काय ता हयसर आसा. बगूचा तर बग."

सुशांत काही बोलणार तेवढ्यात रियाने हातातला टोप रेतीत ठेवला आणि ठिगळांच्या लुगड्यानिशी दोराला जाऊन लागली. कोणीतरी तिला सांगितले, "अगो, हातान नको ओढू, पाठीन ओढ. टाच रोव." ती टाच रोवू लागली.

दोर ओढणे म्हणजे मागे मागे चालणे. पाठ सुरूच्या बनाकडे, तोंड दर्याकडे. ओढत ओढत बनापाशी पोचलेला माणूस दोर सोडतो, पळत पाण्यापाशी जातो आणि पुन्हा पुढे लागतो. सबंध रांग अशी फिरत राहते. थकला म्हणून कोणी मधे सोडत नाही, कारण सोडले की तेवढा दर्या पुढच्याच्या हातांवर येतो.

अक्षया माडाखाली उभी होती. तोच माड. लहानपणी ज्याच्यापाठी ती लपत असे. तिने रांगेकडे बघितले आणि मग कानावर शब्द आले. शेवंती गात होती, आणि जुनी माणसे तिच्यामागून ओढीचा ठेका धरत होती:

दोर ओलो, दोर जड, हाताक माज्या फोड गो,
दर्या म्हणता सोड सोड, मी म्हणतंय ओढ गो.

लाट येता, लाट जाता, पाय रेंवेत रोव गो,
वाटो माजो घरात इलो, चेडवा माज्या, जेव गो.

शेवटचा चरण अक्षयाला पाठ होता. घास भरवताना आई तो म्हणे, दर रात्री. आधीचे तीन चरण तिने आज पहिल्यांदा ऐकले. ते घरात म्हणायचे नव्हतेच. ते इथे, पाण्यात म्हणून झालेले असत, आणि घरी फक्त उरलेला चरण येई, मासळीबरोबर.

ती माडापासून सुटली. बूट काढले नाहीत, पँट दुमडली नाही. आईच्या मागे जागा करून तिने दोर धरला. बोटीवरचे जाड दोरखंड तिने पुष्कळ हाताळले होते, पण ते यंत्र ओढे. हा दोर माणसे ओढत होती, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला जिवंत दर्या होता. गाण्याच्या "ओढ गो"वर पाय मागे पडत होता. तिचाही पडला. पुढे आईची पाठ, ओली, हाडकुळी, आणि दोराच्या प्रत्येक हिसक्याला ताठ होणारी.

शेवंतीने मागे वळून बघितले नाही. दोराचा ताण बदलला, त्यावरूनच तिला कळले.

सुशांत बराच वेळ हाताची घडी घालून उभा होता. मग त्याने छायाचित्रकाराला खूण केली. कॅमेरा पाण्यात उतरला.

जाळे आले. सोने नव्हते त्यात. थोडे पेडवे, थोडे सौंदाळे, दोन बऱ्यापैकी बांगडे, आणि जेलीफिश, पिशव्या, एक चप्पल. "बगलंस, मी सांगलेलंय," दाजी म्हणाला, पण त्याचा चेहरा उजळला होता. त्याने रेतीत वाटे मांडले. दोराला लागलेल्या प्रत्येक हाताला एक ढीग, रियालासुद्धा. कोणाचा मोठा नाही, कोणाचा छोटा नाही.

मग रांग लागली. शेवंतीने घरून आणलेला टोप पुढे केला. दाजीने तिचा वाटा ओंजळीत उचलून त्यात टाकला.

अक्षयाने ते बघितले. अगदी तसेच होते: तोच हात, तोच टोप, तोच दाजीकाका, वरून तेच ऊन. तिचे डोळे खोटे बोलले नव्हते. ते फक्त उशिरा पोचले होते.

"मावशी," सुशांत जवळ आला. त्याची पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती. दोराला तो कधी लागला, हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. "हा हात मला काढता येणार नाही. मुलीने हेच बघितलं. हेच बघून ती मोठी झाली. ते खरं आहे ना?"

"खरा आसा," शेवंती म्हणाली. "दाखव तो हात. पण आदी दोर दाखव."

"म्हणजे सिनेमा बघणाऱ्या लोकांना दोर ठाऊक असेल, आणि मुलीला नसेल."

"लोकांका असांदे. तिका कळात तेवा कळात."

"कालचं सगळं टाकून द्यावं लागेल. निर्माते माझ्यावर ओरडतील."

"ओरडूदेत. तू टाच रोव."

सुशांत हसला आणि छायाचित्रकाराकडे वळला. "आधी दोर," तो म्हणाला. "पहिल्यापासून घ्यायचं."

"कप्तान," दाजीने हाक मारली, "तुजो वाटो रवलो. टोप पुढे कर, हवेत टाकू काय?"

अक्षयाकडे टोप नव्हता. रेतीत रियाचा पडला होता, पोचे पडलेला. तिने तो उचलला. धरताना तळवे झोंबले, दोन्हींवर दोराचे फोड फुटले होते. क्षणभर टोप छातीशीच राहिला. इतकी वर्षे हाच हात पुढे होऊ नये म्हणून ती जगली होती.

"धर गो," मागून आई म्हणाली. "तुजो आसा."

अक्षयाने टोप पुढे केला. दाजीने जपून, दोन्ही हातांनी मासळी टाकली; तरी म्हाताऱ्या हातातून एक पेडवा निसटून रेतीत पडला. अक्षया वाकली, तो उचलला, आलेल्या लाटेत धुतला आणि आपल्या वाट्यात ठेवला.