पाठीमागची हाक

"सवय बिवय काय न्हाय होत, पोरी. कान जातो, आन् आपल्याला वाटतं सवय झाली."

कमळाआत्या हे म्हणाली तेव्हा दीक्षा बारावीत होती. मांडीवर फिजिक्सची वही, पाठ भिंतीला टेकलेली, आणि भिंतीपलीकडे यंत्रमागाच्या कारखान्यातले चोवीस लूम. धामणकर नाक्यामागच्या त्या गल्लीत भिंतीला टेकून बसलं की हाडांपर्यंत खटखट पोचायची. आत्याने त्याच कारखान्यात वीस वर्षं सुताच्या कांड्या भरल्या होत्या. तिच्याशी बोलायचं तर तिच्या समोर जाऊन उभं राहावं लागे.

"तुझं वय झालंय आत्या, म्हणून!" दीक्षा हसत ओरडली आणि पुढचं गणित घेऊन बसली.

बाकीच्या मुली अभ्यासाला वाचनालयात जात. दीक्षाला गरज पडली नाही. तिला त्या आवाजाचा त्रास दरवर्षी कमीच होत चालला होता. आपलं मन एकाग्र होतं, याचा तिला केवढा अभिमान!

बी.एस्सी. झाली, राहनाळच्या गोदामात सुपरवायझर असलेल्या मिथुनशी लग्न झालं. खोली घेतली ती बाबांच्या खोलीपासून दोन दारं सोडून. सासर झालं, भिंत तीच राहिली. मग लेक झाली, संघरत्ना. एका पायाने झोळी हलवत, हातात पुस्तक धरून दीक्षाने विमान वाहतूक नियंत्रकाची परीक्षा दिली. शेजारची हौसा दारातून डोकावून म्हणायची, "पुण्यवान बाई हायेस गं. एवढ्या खडखडाटात पोर ढाराढूर! माझा तर कडी वाजली तरी उठतो."

दीक्षा परीक्षा पास झाली. बाबांनी, म्हणजे रामदासांनी, शिफ्ट सुटल्यावर कारखान्याच्या दारात उभं राहून सगळ्या गल्लीला सांगितलं, "आमची दीक्षा विमानं उतरवनार!"

"धामणकर नाक्यावर रिक्षावाले कुनाचं ऐकत न्हाईत," आत्या म्हणाली, "आन् हिचं विमानवाले ऐकनार?"

दीक्षाने कपाटाच्या दारावर कागद चिकटवला होता. त्यावर स्केचपेनने काढलेला जिना. खालची पायरी प्रयागराजचं ट्रेनिंग. मग एखाद्या विमानतळाचा टॉवर, जमिनीवर चालणारी विमानं. मग उतरणारी, उडणारी. मग आभाळातली, जी दिसतच नाहीत, रडारवर नुसता ठिपका आणि कानात आवाज. प्रत्येक पायरीवर आधी सिनियरच्या शेजारी बसून बोलायचं, मग परीक्षा, मग एकटीने.

"आन् बदली झाली की?"

"नव्या विमानतळावर परत शिकायचं, परत परीक्षा."

"म्हंजे जल्मभर पयलीत!" आत्याने कपाळावर हात मारला. मग हळूच विचारलं, "खोली भेटंल का गं तिकडं?"

"कॉलनी असते, आत्या. झाडं असतात."

खरं तर दीक्षाला जिन्यातली हीच पायरी हवी होती. रत्ना रांगायला लागायच्या आत या भिंतीपासून दूर जायचं. बाकी पदं, पगार, प्रमोशन मागाहून.

आवाजाची चाचणी, म्हणजे उच्चार स्पष्ट आहेत का ते बघणारी, तिने सहज काढली. टेबलापलीकडे तीन अधिकारी होते. ते विचारत होते, ती त्यांच्या ओठांकडे बघून उत्तरं देत होती. आपण ओठांकडे बघतो, हे तोवर तिलाच ठाऊक नव्हतं. गल्लीत सगळेच तसे बघतात.

मेडिकलला डॉक्टर म्हणाले, "माझ्याकडे पाठ करा. मी हळू आवाजात आकडे बोलेन, तुम्ही मागोमाग म्हणा."

दीक्षा पाठ करून उभी राहिली. समोर पांढरी भिंत, तिच्यावर एक कॅलेंडर. ती वाट बघत राहिली.

"सर, सुरू करू या?"

"तीन झाले," डॉक्टर म्हणाले.

मग काचेच्या बंद पेटीत बसवलं, कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला तिने भराभर दाबलं. मग बराच वेळ काहीच आलं नाही. काचेपलीकडची मुलगी मात्र काहीतरी फिरवत होती, वर बघत होती, पुन्हा फिरवत होती. ती कशाची वाट बघतेय हे दीक्षाला कळलं. न ऐकता दाबून टाकावं? एकदा दाबलंही. त्या मुलीने मान खाली घातली.

डॉक्टरांनी ऐकण्याच्या आलेखाचा कागद पुढे केला. रेघ सरळ चालत येऊन मधेच कोसळली होती.

"गोंगाटात काम करता?"

"नाही सर. अभ्यास करते."

"कुठे?"

रेघ कोसळली होती तिथे तिने बोट ठेवलं.

"हे परत येत नाही. अपील करता येतं, करून बघा. पण वैमानिकाचा आवाज फक्त कानातच येतो. त्याचे ओठ दिसत नाहीत."

तिने अपील केलं. दुसऱ्या ठिकाणीही रेघ तिथेच कोसळली.

ती परतली तेव्हा बाबा कारखान्यात होते, तुटलेला धागा जोडत. तिने मागून हाक मारली. त्यांना ऐकू जाणार नव्हतं, तरी मारली. मग वळसा घालून समोर गेली.

"झालं का गं?" बाबा ओरडले.

इथे कुठलीही गोष्ट हळू सांगता येत नाही. दीक्षाला सगळ्या कारखान्यासमोर ओरडून सांगावं लागलं, "नाही झालं! मेडिकलमध्ये गेलं!"

"कशात?"

तिने बाबांच्या कानांकडे पाहिलं. तीस वर्षं याच चोवीस लूमवर त्यांनी तिची फी विणली होती.

"डोळ्यांत!" ती ओरडली. "नंबर जास्त निघाला!"

"तरी मी सांगत व्हतो, मोबाईल नको बघू!" ते चिडले, आणि डोळे पुसत पुन्हा धाग्याकडे वळले. पलीकडच्या लूमवरचा कारीगरही ओरडला, "कोई बात नहीं बेटी, चश्मा लगा लो!"

मिथुनला तिने खरं सांगितलं. आत्याला सांगायची गरज पडली नाही. आत्याने कपाटावरचा कागद बघितला, मग दीक्षाकडे, आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. कागद दीक्षाने अजून काढलेला नाही.

त्यानंतरच्या शुक्रवारी दुपारी वीज गेली. चोवीस लूम एकदम थांबले. गल्ली अशी गप्प झाली की नाक्यावरचे हॉर्न ऐकू यायला लागले. दहा महिन्यांची रत्ना दाराकडे तोंड करून बसली होती, रिकामी कांडी तोंडात घालत. दीक्षा भांडी घासता घासता उठली. हात पुसले. लेकीच्या मागे चार पावलांवर उभी राहिली.

"रत्ना."

कांडी लादीवर आपटली गेली, पुन्हा उचलली गेली.

"रत्ना."

मग आणखी एकदा, जरा मोठ्याने.

तीन झाले.

रत्नाच्या कानांच्या तपासणीची तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली आहे. तोवर दीक्षा सगळ्यांना एकच सांगत सुटली आहे, आणि तुम्हालाही तेच सांगायचं आहे. तुमच्या घरात, शेजारात एखादं बाळ गोंगाटात फार गाढ झोपत असेल, लोक त्याचं कौतुक करत असतील, तर आज जरा त्याच्या पाठीमागे जाऊन उभे राहा. टाळी वाजवू नका, ताट वाजवू नका. नुसतं नाव घ्या, हळूच. आणि मान वळते का, तेवढं बघा.