माझ्या पाठीतला नकाशा

मित्रांनो, जरा काचेजवळ या. माझा आवाज बारीक आहे आणि आपल्यामध्ये कुलूप आहे.

मी एक जुना प्रबंध आहे. गेली एकवीस वर्षे एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात, लोखंडी कपाटाच्या चौथ्या खणात उभा आहे. उभा आहे असे आपले म्हणायचे. डावीउजवीकडच्या जाडजूड शेजाऱ्यांनी मला असे दाबून धरले आहे की पडण्याचीही सोय नाही. अंग काळ्या रेक्झिनचे, कण्यावर सोनेरी अक्षरे. त्यांतली निम्मी झडली. समोर काच, काचेपलीकडे खोली, खोलीपलीकडे खिडकी आणि खिडकीपलीकडे एका झाडाची एकच फांदी. तिला पाने येतात, जातात. ऋतू मला एवढेच कळतात.

प्रबंध म्हणजे काय, हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. एखादा विद्यार्थी एकाच प्रश्नामागे दोन-तीन वर्षे लागतो. मोजतो, चुकतो, पुन्हा मोजतो. शेवटी जे हाती लागते ते लिहून, बांधून परीक्षकांपुढे ठेवतो. पुस्तक लोक वाचतात; प्रबंध परीक्षक मंजूर करतात. मंजूर झाला की तो कपाटात जातो आणि कपाटाला कुलूप लागते, कारण तो मोलाचा असतो. मोलाच्या वस्तूचे हे दुर्दैव मी तुम्हाला सांगतो आहे.

माझा प्रश्न पाण्याचा होता. शहराच्या कडेला, टेकडीच्या उतारावर एक वस्ती आहे. तिथे नळ नव्हते; एकेचाळीस हातपंप होते. तिथल्या मुलांच्या दातांवर तपकिरी रेघा उमटत आणि चाळिशीतल्या माणसांचे गुडघे म्हाताऱ्यांसारखे आखडत. कोणी म्हणे, यांचे रक्तच तसे. कोणी म्हणे, खाणे वाईट. मला जिने लिहिले ती तेव्हा तेवीस वर्षांची विद्यार्थिनी होती. तिने ठरवले, पाण्यालाच विचारावे. दोन वर्षे, दर महिन्याला, ती एकेचाळीस बाटल्या घेऊन टेकडी चढली. प्रत्येक बाटली आधी त्याच पंपाच्या पाण्याने तीनदा विसळायची, मग भरायची, आणि चिठ्ठीवर शिसपेन्सिलीने क्रमांक घालायचा. शाई ओल्या हाताने पुसली जाते, पेन्सिल टिकते. वस्तीतली पोरे तिला बाटलीताई म्हणू लागली.

तेराव्या पंपापाशी एक बाई कपडे धूत असायची. वयाने पन्नाशीची, जिभेने तिखट. सगळी वस्ती तिला आजीच म्हणे. ती एकदा हातातले धुणे थांबवून म्हणाली, "पाणी प्यायचं असतं गं. बाटलीत कोंडून ते काय तुझ्याशी बोलणारे?"

"बोलतं आजी," बाटलीताई म्हणाली. "काय म्हणालं ते तुम्हाला येऊन सांगते."

येऊन सांगते. हे दोन शब्द माझ्या एकाही पानावर नाहीत. पण माझी सगळी पाने त्यांच्याच आधाराने उभी आहेत.

प्रयोगशाळेत पाणी खरोखरच बोलले. अकरा पंपांच्या पाण्यात फ्लोराइड नावाचे द्रव्य फार होते. थोडे असेल तर ते दातांना बरे. जास्त झाले तर दात रंगवते आणि हाडांत उतरते. त्याला रंग नाही, वास नाही, पाणी उकळले तरी ते जात नाही. गंमत पाहा, ज्या पंपांचे पाणी वस्तीला नितळ आणि गोड वाटे, त्यांतलेच बरेच दोषी निघाले. आजीच्या दारातला तेरावा पंपही त्यांतच. आणि शिंप्याच्या दुकानासमोरचा पंप, ज्याचे पाणी तांबूस येई आणि जिभेला लोखंडासारखे लागे, ज्या पाण्याने लोक फक्त ओटे धूत, तो पिण्याला सगळ्यांत निर्धोक ठरला.

एवढी गोष्ट वस्तीत जाऊन कोणी सांगितली असती, तर मी आज समाधानाने कसरीच्या पोटात गेलो असतो.

पण मित्रांनो, शिकलेल्या माणसांच्या चुकाही शिकलेल्याच असतात. प्रबंधात कोणाच्या दाराचे नाव येऊ नये, असा शिरस्ता आहे. उद्या त्या घराकडे कोणी बोट दाखवू नये म्हणून. म्हणून पंपांना क्रमांक दिले, आणि तेही पहिल्या दिवशी बाटलीताईचे पाय जसे वळले त्या क्रमाने. कोणता क्रमांक म्हणजे कोणता पंप, हे एकाच कागदावर होते: तिने स्वतःच्या हाताने, पेन्सिलीने काढलेल्या नकाशावर. त्यात गल्ल्या होत्या, पायऱ्या होत्या, शिंप्याचे दुकान होते, आजीचा धुण्याचा दगडसुद्धा होता. कागद मोठा होता आणि एकच होता. माझ्या चार प्रती बांधल्या गेल्या. बाइंडरने माझ्या मागच्या पुठ्ठ्याला आतून कागदी खिसा चिकटवला आणि नकाशाची घडी त्यात सरकवली. उरलेल्या तीन प्रतींना नकाशा नंतर लावू, असे सगळ्यांनीच म्हटले. तोंडी परीक्षा आठवड्यावर आली होती.

त्या परीक्षेच्या दिवशी मला टेबलाच्या मधोमध ठेवले होते. परीक्षकांनी मान डोलावली, टाळ्या वाजल्या, आणि बाटलीताईच्या सरांनी चष्मा काढून पुसला. आयुष्यात तेवढाच एक दिवस मी चहूबाजूंनी मोकळा होतो.

चौथ्या दिवशी बाटलीताई दूरच्या शहरात नोकरीवर रुजू झाली. पालिकेला कळवा, असे ती सरांना सांगून गेली होती, आणि सरांनी त्याच आठवड्यात कळवले. माझ्या निष्कर्षाचे शेवटचे पान होते तसे उतरवून, सही करून पाठवले: क्रमांक चार, नऊ, तेरा असे अकरा आकडे, या पंपांचे पाणी पिऊ नये. पत्र गेले म्हणजे निरोप पोचला, असे बाटलीताईला वाटले. मलाही वाटले.

पालिकेचे मात्र स्वतःचे क्रमांक होते, पंपांच्या मानेवर पिवळ्या रंगात घातलेले. तिथल्या माणसांनी पत्रातला आकडा वाचला, पंपावरचा आकडा वाचला, आणि दोन्ही जुळले तिथे तांबडी फुली मारली. कोणी आळस केला नाही, कोणी खोटे बोलले नाही. आजीच्या दारातला पंप पालिकेचा एकोणतिसावा होता. तो तसाच राहिला. पालिकेचा तेरावा होता शिंप्यासमोरचा. फुली त्याच्यावर बसली. ज्याचे पाणी वाचवणारे होते त्याच्यापासून आता लोक मुलांना हाताला धरून लांब नेऊ लागले.

हे मला फार उशिरा कळले. तुम्हाला आधीच सांगून टाकतो आहे, कारण सांगण्यासारखे काही पोटात असताना तोंड मिटून उभे राहणे काय असते, ते मी भोगले आहे.

कपाटाची किल्ली विभागाच्या लिपिकाकडे असते. कमरेला जुडगा लावून हिंडतात म्हणून विद्यार्थी त्यांना किल्लीकाका म्हणतात. त्यांचा नियम ठरलेला आहे. चिठ्ठी भरायची, प्रबंध याच खोलीत वाचायचा, आणि परत देताना ते अंगठा ओला करून पाने मोजणार. माझी दोनशे बारा. पाने भरली की सही, सही झाली की कुलूप. सुरुवातीला किल्लीचा आवाज आला की माझी पाने आतल्या आत सैल होत. मग कळले, येणारे माझ्यासाठी येत नाहीत. त्यांना स्वतःचा प्रबंध बांधायचा असतो; ते पट्टी लावून माझा समास मोजतात, मुखपृष्ठ उतरवून घेतात आणि मला मिटतात. किल्लीकाका तर प्रत्येकाला दारातच विचारत, "वाचायचाय की मोजायचाय?" सगळे हसून एकच उत्तर देत.

वर्षे अशी गेली. दमट हवेने माझ्या पाठीचा खिसा चिकटून बंद झाला. कसरीने संदर्भसूची खाल्ली. सर निवृत्त झाले, त्या दिवशी काचेपाशी येऊन उभे राहिले. काचेवर त्यांच्या श्वासाचा ढग उमटला, विरला, आणि ते गेले. एका वर्षी पानांची चित्रे घेणारे एक यंत्र आले. त्याच्या पांढऱ्या उजेडाखाली माझे पान न् पान उलटले गेले. यंत्र चालवणाऱ्याची बोटे खिशापाशी अडखळली. त्याने यादी पाहिली. यादीत पाने दोनशे बारा, घेऊन झालेली दोनशे बारा. "याला पान क्रमांकच नाही," तो स्वतःशी म्हणाला आणि मला मिटले. तेव्हापासून माझी सावली हव्या त्या पडद्यावर हिंडते. मी इथेच आहे. आणि माझ्या सावलीलाही पाठ नाही.

मग यंदा ती आली. दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. हसताना तोंडावर तळहात धरणारी. विभागातल्या नव्या मॅडमनी वर्गाला एक काम दिले होते: इथला एखादा जुना प्रबंध वाचा, आणि ज्या जागेबद्दल तो लिहिला आहे तिथे जाऊन त्याचे पुढे काय झाले ते बघून या. या मुलीला लांब जायचेच नव्हते. ती त्याच वस्तीतली होती, आजीची नात.

तिने पडद्यावर माझी सावली वाचली होती. माझ्या ऋणनिर्देशात एक ओळ आहे: तेराव्या पंपापाशी धुणे धुताना मला वेड्यात काढणाऱ्या आजींचे आभार. ती ओळ तिने घरी वाचून दाखवली. आजी हसली. ती बाटलीवाली माझ्याशीच बोलायची, म्हणाली. पण आपल्या पंपावर तर एकोणतीस लिहिलंय. तेरा तो शिंप्याकडचा. तिथल्या तांबड्या पाण्यात मी जन्मात कपडा बुडवला नाही.

हे सगळे नात किल्लीकाकांना सांगत होती, आणि काचेआड मी पहिल्यांदा ऐकत होतो. मित्रांनो, एकवीस वर्षांचे ओझे एका क्षणात अंगावर येते म्हणजे काय, ते मला विचारा.

काकांनी सवयीने आपला प्रश्न विचारला होता. ती म्हणाली, "वाचून झालाय, काका. मला मागचं बघायचंय. आत लिहिलंय, नकाशा शेवटी जोडला आहे. पडद्यावर तो नाहीच."

"मागे पुठ्ठा असतो. दुसरं काय असणार?"

काकांनी मला बाहेर काढून दिले, तेव्हा तिने माझ्या पाठीवरून आतून बोट फिरवले. चिकटलेल्या कागदाखाली घडीची कड लागत होती. तिने स्टीलची पट्टी काढली. काका म्हणाले, रेक्झिन फाटेल, मी जबाबदार आहे. तिने पट्टी खाली ठेवली.

"आजीला आता तीन पायऱ्या उतरत नाहीत, काका. माझे दात तुम्ही पाहिलेच असतील. धाकटा भाऊ चार वर्षांचा आहे. त्याचे दुधाचे पडायचेत अजून."

तळहात तिने या वेळी तोंडावर धरला नव्हता. काकांनी जुडगा टेबलावर ठेवला. मग पट्टी त्यांनीच उचलली. ज्या हाताने एकवीस वर्षे मला कोंडले त्याच हाताने मला उघडले, आणि माझी पाठ फाटली. ते फाटणे मला अजून आठवते. इतके बरे मला कधीच वाटले नव्हते.

नकाशा निघाला. घड्यांवर चिरलेला, पिवळा, पण पेन्सिल शाबूत. तेरा आकडा होता, आणि त्याच्या शेजारी धुण्याचा दगड. नातीने फोनवर फोटो घेऊन पाहिले. इतकी फिकट रेघ उमटेना. नियम तिलाही ठाऊक होता: या खोलीतून काही बाहेर जात नाही.

काकांनी मला जवळ ओढले, अंगठा ओला केला आणि पाने मोजायला घेतली. इतकी सावकाश त्यांनी कधी मोजली नव्हती. एकदाही मान वर केली नाही. टेबलाच्या पलीकडे कागदाची घडी घातली जात असल्याचा आवाज मी ऐकला. त्यांनीही ऐकला असणार.

"दोनशे बारा. भरली," ते म्हणाले आणि चिठ्ठीवर सही केली. "पान क्रमांक नाही ते माझ्या यादीत नाही."

ज्या उणिवेने माझी पाठ सावलीत आली नाही, त्याच उणिवेच्या दारातून माझा नकाशा बाहेर पडला.

पुढचे मी नातीच्या तोंडून ऐकले. मॅडमचा सगळा वर्ग नकाशा घेऊन टेकडी चढला. बाटल्या तीनदा विसळल्या, भरल्या, पाणी पुन्हा तपासले. एकवीस वर्षांपूर्वीचे माझे बोलणे खरे निघाले. पालिकेची माणसे आली, जुन्या फुल्या खरवडून नव्या मारल्या गेल्या, आणि शिंप्यासमोर घागरींची रांग लागली. मॅडमनी शोधून काढले म्हणून बाटलीताईही आली, केस पिकलेली. उंबऱ्यातल्या आजीपुढे ती उभी राहिली.

आजी तिला न्याहाळत म्हणाली, "एवढी वर्षं लागली होय गं तुझ्या पाण्याला बोलायला?"

बाटलीताई खाली बसली आणि आजीचे आखडलेले गुडघे तिने दोन्ही हातांनी धरून ठेवले. ते आता सरळ होणार नाहीत, हे माझ्या एकशे नव्वदाव्या पानावर लिहिलेले आहे. धाकट्या भावाचे पक्के दात मात्र अजून यायचे आहेत.

मित्रांनो, मी अजून इथेच आहे. शेजारी तसेच दाबतात, फांदीला पाने येतात, जातात. किल्लीकाका कुलूप लावतात. मला पुसू नका, नवे रेक्झिन चढवू नका. उद्या तुम्ही खूप शिकाल. कोणाच्या दारातून पाणी, माती, आठवणी, आकडे घेऊन जाल. त्या दाराला तुम्ही दिलेला क्रमांक तुमच्या वहीत राहू द्या. निरोप मात्र दारात जाऊन, नाव घेऊन सांगा. आणि अशा खोलीत कधी आलात, तर चिठ्ठी भरा, माझ्या शेजाऱ्यांपैकी कोणालाही बाहेर काढा, आणि मागच्या पुठ्ठ्यावरून एकदा बोट फिरवा.

माझा खिसा रिकामा आहे. त्यांच्या खिशांत काय आहे, मला माहीत नाही.