टाचेखालचा फोम

सोफ्यात फोम भरण्यात बाबाचा हात धरणारं बाजारात कोणी नव्हतं. तीच कला त्याने लेकीच्या स्प्लिंटवर चालवली.

टिकली सहा वर्षांची. सेरेब्रल पाल्सीमुळे ती चवड्यांवर चालायची. टाच टेकावी म्हणून पोटरीपर्यंत येणारा प्लास्टिकचा स्प्लिंट दिला होता. पहिल्या दिवशी तो काढल्यावर टाचेवर लाल डाग दिसला. बाबाने कोणाला न सांगता टाचेच्या जागी बोटभर फोम बसवला, वरून अस्तर लावलं. इतकं सफाईने, की आईला वाटलं, दवाखान्यातूनच तसं करून आलंय.

आज तीन महिन्यांनी दवाखान्यात स्प्लिंट बनवणाऱ्या बाईंनी टिकलीची पोटरी चाचपली. "आखडत चाललीय. असंच राहिलं तर डॉक्टर ऑपरेशनचं बोलतील."

"रोज सहा तास घालते हो मी," आई म्हणाली. "ह्याला स्प्लिंट म्हणजे पहिल्यापासून बेडीच वाटते. मीच रेटलं. माझंच चुकलं का?"

बाबाला गप्प बसता आलं असतं. स्प्लिंट घरी नेऊन फोम काढला असता, की झालं. पण ऑपरेशन हा शब्द त्याने ऐकला होता.

"त्यात फोम आहे," तो म्हणाला. "मी घातलाय."

बाईंनी अस्तर नखाने उचकटून पाहिलं. "काम झकास आहे. पण ह्यावर टाच अधांतरीच राहिली की. खाली बसणार कशी, आणि पोटरी ताणली जाणार कशी?"

"तीन महिने मी तिला स्प्लिंट घालतेय," आई सावकाश म्हणाली, "आणि तू गाद्या घालत होतास?"

"लाल झालं होतं. तुला दिसलं नाही?"

"दिसलं. वीस मिनिटांत गेलंसुद्धा. मी घड्याळ लावून बसले होते. तू बघितलंस आणि उठून कामावर गेलास."

"बाबा, तो सोफा काढ ना," टिकली म्हणाली. "पाय आत हलतो."

फोम निघाला. स्प्लिंट तासभर घालून उतरवला. टाचेवर पुन्हा तोच डाग. बाई म्हणाल्या, "अर्ध्या तासात गेला तर हरकत नाही. राहिला तर मी प्लास्टिक तापवून तिथे जागा करीन. तुम्ही काही करायचं नाही."

आईने मनगटावरचं घड्याळ काढून बाबापुढे धरलं. "आज तू बघ."

तो स्टुलावर बसला, लेकीचं पाऊल मांडीवर घेऊन. बघवत नव्हतं, तरी बघत राहिला. अकराव्या मिनिटाला डागाची कड जरा फिकट वाटली.

"गेला?" टिकलीने विचारलं.

"अजून नाही," बाबा म्हणाला. "थांबू या."