तोफगाड्यावरची झोप

बोटीवर चढल्यापासून आमच्या वहिनीच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. पलंग मऊ, उशा हव्या तेवढ्या, खिडकीत अख्खा समुद्र. पण बोट जरा डुलली की ती पलंगाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून बसायची, ती उजाडेपर्यंत तशीच. झोप नसली की माणसाचं काय होतं ते आम्ही रोज बघत होतो. एकदा तिनं चहात मीठ घातलं आणि आज छान जमलाय म्हणाली. एकदा जेवणघराच्या दारात दादाला, म्हणजे स्वतःच्या नवऱ्याला, बाजूला होऊन वाट दिली आणि मोठ्या अदबीनं विचारलं, आपण एकटेच आलात का.

बोटीवरच्या डॉक्टरांनी गोळी देऊन पाहिली. त्या गोळीनं घोडा आडवा झाला असता. वहिनी फक्त जास्त बोलायला लागली. शेवटी त्यांनी दादाला बाजूला घेऊन सांगितलं की आता जुनं बंदर लागतंय, तिथं जमिनीवर हिची एक चांगली झोप झाली तर ठीक, नाहीतर मी हिला पुढं नेणार नाही. तिथूनच घरी परतायचं.

दादा बस आगारात वाहतूक नियंत्रक होता. गाडी वेळेवर सोडणे यापलीकडे त्यानं आयुष्यात दुसरं काही मानलं नाही. खुद्द सासरेबुवा पिशव्या सांभाळत पळत येताना दिसत असूनही त्यानं शिट्टी मारली होती, आणि तो विषय वहिनीच्या माहेरी अजून निघतो. निवृत्तीनंतरची ही सहल अर्ध्यावर सोडणं म्हणजे त्याच्या लेखी घाटात गाडी बंद पडणं. त्यानं उपाय काढला. हिला चालवायची. दमली की झोपेल.

मग काय विचारता. दीपगृह झालं, तटबंदी झाली, जुनी जकात कचेरी झाली. शहर खरोखरच पुरातन. दगडी गल्ल्या, एकमेकींच्या खांद्यावर माना टाकलेली घरं, आणि प्रत्येक घरावर पाटी, की इथं अमका थोर माणूस राहायचा. एका घरावर तर इथं कोणीही राहिलं नाही अशीसुद्धा पाटी होती. दादा पुढं पाट्या वाचत, वहिनी मागं भिंत धरून. वहिनी बोटीवरून उतरली होती, पण बोट काही वहिनीच्या अंगातून उतरली नव्हती. "भावजी," ती मला म्हणाली, "ही गल्लीपण डुलतेय हो."

शेवटी आम्ही एका जुन्या कप्तानाच्या घरात शिरलो. आता तिथं संग्रहालय आहे. खोल्याखोल्यांत मेणाचे पुतळे: कप्तान टेबलाशी नकाशा बघतोय, स्वयंपाकी रिकाम्या पातेल्यात डाव फिरवतोय. वरच्या मजल्यावर कप्तानाच्या बायकोची खोली. तिच्या पुतळ्याचं नाक उन्हाळ्यात वितळून हनुवटीवर आल्यामुळे तो दुरुस्तीला गेलेला. पलंग रिकामा, गादी घातलेली, समोर दोरी. आणि त्या शिसवी पलंगाचे पाय फरशीत रोवलेले.

दादा खाली अनोळखी लोकांना पाट्या मोठ्यानं वाचून दाखवत होता. वहिनीनं दोरीवरून हात घालून पलंगाला लावला, जरा थांबली. "भावजी, हा हलत नाहीये," ती म्हणाली आणि दोरीखालून आत गेली. जरा पाठ टेकते म्हणाली. पाठ टेकली न टेकली तोच घोरणं सुरू झालं.

लोक येऊ लागले. एक बाई म्हणाल्या, चेहरा किती हुबेहूब, पोट मात्र कारागिरानं जरा सढळ हातानं केलंय. एका चष्मेवाल्या गृहस्थांनी पलंगाखाली भाता बसवलेला असतो, त्यानं घोरण्याचा आवाज निघतो, हे सगळ्यांना समजावून दिलं. घोरणं मध्येच थांबलं तेव्हा भाता अडकला म्हणाले. वहिनीनं कूस बदलली तशी टाळ्या पडल्या. रखवालदार धावत आला. त्यानं पुतळा ओळखला नाही, पण त्या खोलीत एवढी गर्दी त्यानं जन्मात पाहिली नव्हती. तो गुपचूप बाहेर गेला आणि रांग लावू लागला.

रांगेतून दादा आला. त्यानं आधी मनगटावरचं घड्याळ बघितलं, मग बायकोकडे. "धाकल्या, उठव तिला," तो कुजबुजला.

"उठवली तर घरी जावं लागेल."

"आणि नाही उठवली तर बोट जाईल."

तेवढ्यात रखवालदार हात चोळत आला. कुलूप लावायची वेळ झाली होती, आणि एवढी गर्दी खेचणाऱ्या बाईला उठवायचं त्याच्याही जिवावर आलं होतं. अंगणात एक तोफगाडा होता, तोफ पॉलिशला उतरवलेली. गादीसकट उचलून वहिनीला आम्ही त्यावर ठेवलं. मला धक्क्यांची धास्ती होती, पण दादा म्हणाला, धक्क्यांचं तिला काही नाही, जन्म माझ्या आगाराच्या गाड्यांत गेलाय. नडतं ते डुलणं.

निघालो. पुढं दादा आणि रखवालदार दांडी ओढतायत, मागं चष्मेवाले ढकलतायत. दगडी गल्लीत खडखडाट, त्याला वरून घोरण्याची साथ. दुकानदार उठून उभे राहिले. चौकातल्या पोलिसानं वाहतूक थांबवून कडक सलाम ठोकला. घोरणं ऐकून तोफांची सलामी चालू आहे असं त्याला वाटलं असावं.

धक्क्यावर पोचलो आणि गाड्याचं पुढचं चाक बोटीच्या शिडीच्या फळीवर चढलं. शिडी पाण्याबरोबर वरखाली होत होती. वहिनीचा एक डोळा अर्धा उघडला. दादानं गाडा झटकन मागं घेतला. डोळा मिटला.

वर बोटीचा कप्तान भोंग्याच्या दोरीला हात घालणार, तोच दादा धापा टाकत तिथं पोचला. मी त्याच्या पाठोपाठ.

"भोंगा वाजवू नका. बायको झोपलीय."

कप्तान म्हणाला की वादळासाठी तो थांबलाय, धुक्यासाठी थांबलाय, एकदा देवमासा बाळंत होत होता म्हणूनही थांबलाय. पण झोपेसाठी कधी नाही. मग त्यानं दादाला विचारलं, तुम्ही काय करायचात. दादानं सांगितलं.

"मग तुम्हीच सांगा, तुम्ही गाडी थांबवली असती?"

दादानं कठड्यावरून खाली पाहिलं. "नसती थांबवली," तो म्हणाला. "आणि ते चुकलंच असतं."

कप्तानानं दोरी सोडली.

सगळी बोट कठड्याशी येऊन उभी राहिली, एकमेकांना गप्प करत. ओहोटी लागायची वेळ होती. ओहोटी आमच्यासाठी थांबली असं मी म्हणत नाही. पण मी बघत होतो तोवर पाणी हललं नाही. डॉक्टर खाली उतरून गाड्याशी कान लावून आले आणि समाधानानं मान हलवत गेले.

बऱ्याच वेळानं वहिनी उठली, आळोखेपिळोखे दिले, पदर नीट केला आणि तोफगाड्यावरून उतरून तरातरा शिडी चढली. शिडी डुलत होती ते तिच्या गावीही नव्हतं. बोट सुटली. शहर लहान होत गेलं. कठड्याशी दादाच्या शेजारी उभी राहून वहिनीनं विचारलं, "ते जुनं बंदर कधी येणार?"

"येऊन गेलं. तू सगळं पाहिलंस."

"हो? आवडलं का मला?"

"फार."

"तरीच इतकं बरं वाटतंय," वहिनी म्हणाली.