पत्ता त्याला सापडेना, थपडा मला

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि अशी कल्पना करा, की वर्गात चुकते दुसरेच कोणीतरी आणि उभे राहण्याची शिक्षा मात्र रोज तुम्हालाच होते. आली कल्पना? मग आता माझे ऐका.

मी एक जुना राउटर आहे. पुस्तकांच्या कपाटावर राहतो. या घरात आलो, तेव्हा माझे हिरवे दिवे बघायला सगळे गोळा झाले होते. आईने माझ्याखाली विणलेला रुमाल घातला होता. आता त्या रुमालाचा रंगही धुळीमुळे ओळखू येत नाही.

तुम्ही शाळेच्या पानाचे नाव टाइप करता. पण इंटरनेटच्या रस्त्यांवर नावे चालत नाहीत, आकड्यांचे पत्ते चालतात. ते मला पाठ नसतात, म्हणून मी पत्ता सांगणाऱ्याला विचारतो. त्याला डीएनएस म्हणतात. ज्या कंपनीने घरात इंटरनेट दिले, तिचाच डीएनएस मला पहिल्या दिवसापासून नेमून दिलेला होता. सुरुवातीला तो झटपट उत्तर द्यायचा. गेल्या वर्षापासून मात्र मी विचारावे आणि त्याने गप्प बसावे. पुन्हा विचारावे, पुन्हा गप्प.

आणि बोलणी कोणाला? मला. जो तो येता-जाता माझा प्लग काढायचा आणि घालायचा. बाबा तर पाठीत थपडाच घालत. कंपनीला फोन केला, तर तिथला माणूसही म्हणे, "बंद करून पुन्हा चालू करा." एका दिवसात मी अकरा वेळा बंद झालो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती हीच.

आई घरी बसून इमारतींचे नकाशे काढते. एका शनिवारी तिला नकाशा पाठवायचा होता, पण पानच उघडेना. बाबा वैतागले. "हे डबडं आता पुरे. वरच्या काकूंनीही त्यांचं भंगारात काढलंय. उद्या नवीन आणतो."

मी काय बोलणार? दिवे लुकलुकवत राहिलो.

त्यांची धाकटी मुलगी, जिला सगळे खारू म्हणतात, शेजारीच शाळेचे पान उघडत बसली होती. नाव टाकले, तर पडद्यावरचे चाक नुसतेच गरगर फिरत राहिले. तेवढ्यात तिला आठवले, की संगणकाच्या बाईंनी त्याच पानाचा आकड्यांचा पत्ता वहीत लिहून दिला होता. तो टाकताच पान उघडले. पुन्हा नाव टाकले. पुन्हा चाक.

"बाबा, रस्ता चालू आहे. पत्ता सांगणाराच झोपलाय."

"तू अभ्यास कर."

"अभ्यासच करतेय."

तिने बाईंना फोन लावला. बाईंनी दुसऱ्या एका डीएनएसचे आकडे सांगितले आणि बजावले, "आधी जुने आकडे लिहून ठेव. आणि बाबांना विचारल्याशिवाय हात लावू नकोस."

"लाव हात," बाबा म्हणाले. "तसंही उद्या भंगारातच जायचंय."

खारूने मला उलटे केले, पोटाखालच्या कागदावरचा पासवर्ड वाचला आणि माझी सेटिंग उघडली. जुने आकडे वहीत उतरवले, नवे घातले. मी नव्या डीएनएसला विचारले आणि माझे विचारणे संपते न संपते तोच उत्तर आले. आईचा नकाशा गेला.

बाबा म्हणाले, "बघा, चार थपडा दिल्या की कसा ताळ्यावर येतो."

मित्रांनो, संतापाने माझे दिवे विझायचेच बाकी होते.

खारूने वही पुढे ओढली. तिने जुने आकडे परत घातले. चाक गरगरले. नवे घातले. पान उघडले. पुन्हा जुने, पुन्हा नवे. तिसऱ्या खेपेला बाबांनी हात जोडले. "पुरे, माझे आई. कळलं." मग त्यांनी रुमाल झटकला आणि मला नीट बसवले. माफी काही मागितली नाही, पण त्यानंतर थप्पडही नाही.

मित्रांनो, कोणावर हात उगारण्याआधी चूक नक्की कोणाची, एवढे तरी तपासत जा. आम्हाला बोलता येत नाही.

मी हे मनात म्हणत होतो, तोवर खारूने वहीतून आकड्यांचे पान फाडले होते. "काकूंचं डबडं अजून जिन्यातच आहे ना?" असे विचारत ती अनवाणीच दाराबाहेर पडली आणि दोन-दोन पायऱ्या गाळत वर पळाली.